एक पाय मंडळीत, एक पाय बाहेर: ह्याला कोमट म्हणायचं का?

सातरस्ता (धागाकर्ता)
सलाम सगळ्यांना. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. आमचं घर पणजोबांपासून ख्रिस्ती. लहानपणीच बाप्तिस्मा, शाळेत असताना दृढीकरण, म्हणजे मोठेपणी स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याचा विधी, झालं (वर्गातली सगळी पोरं बसली म्हणून मी पण बसलो). रविवारी उपासनेला जातो, कीबोर्ड वाजवतो, दानार्पणाचं पाकीट वेळेवर असतं. पण उठून साक्ष दे (देवानं आयुष्य कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांग) म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण अमुक दिवशी माझं आयुष्य बदललं असं सांगण्यासारखं माझ्याकडं काहीच नाही. उरलेले सहा दिवस दुकान, मित्र, क्रिकेट, गड्डा (सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वर जत्रा) आला की गड्डा.

एक जवळचा मित्र आहे, दर शुक्रवारी उपवास प्रार्थनेला जाणारा. तो म्हणतो तू कोमट आहेस बे, एक तर पूर्ण ये नाहीतर सोडून दे, प्रकटीकरण ३ वाच (लावदिकीया गावच्या मंडळीला प्रभू म्हणतो तू ना गरम ना गार, कोमट आहेस, म्हणून तुला तोंडातून ओकून टाकीन). त्यात पाळकसाहेब पंच (मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीतला माणूस) म्हणून नाव द्या म्हणून मागं लागलेत, वार्षिक सभेच्या आधी नावं जायचीत. मागच्या खेपेला "पुढच्या वर्षी बघू" म्हणून सुटलो होतो, आता काय सांगू.

तर विचारायचं हे की पूर्ण मनानं म्हणजे नक्की काय? आणि ठरत नसताना पद घ्यावं का? उपदेश नको, तो रविवारी मिळतो. स्वतःचं काय झालं ते सांगा.

कडकभाकरी
कोमट म्हणजे मे महिन्यातला आपला नळ. तो पण चार दिवसाआड.

निवृत्त_मास्तर
कडकभाकरी, विनोद बाजूला ठेवला तरी तू बरोब्बर जागेवर बोट ठेवलंस. लावदिकीया हे आजच्या तुर्कस्तानातलं गाव. जवळ हिरापोलीसला गरम पाण्याचे झरे (आज त्याला पामुक्काले म्हणतात, पर्यटक जातात), दुसऱ्या बाजूला कलस्सैला थंडगार पाणी, आणि लावदिकीयाला नळवाटेनं लांबून पाणी यायचं, ते पोचेपर्यंत ना गरम ना गार आणि क्षारांनी भरलेलं. बरेच अभ्यासक प्रकटीकरणातल्या त्या कोमटच्या ओळीचा संबंध ह्याच्याशी लावतात. अंग शेकायला गरम पाणी कामाचं, तहानेला गार कामाचं, हे कशालाच नाही.

आणि सोलापूरकरांना पटेल अशी गोष्ट म्हणजे ते गाव कापडाचं. काळ्या लोकरीचं कापड लांबपर्यंत जायचं, सावकारी पण मोठी. इसवी सन ६० च्या भूकंपात गाव पडलं तर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशानं उभं केलं, तसं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहून गेलाय. आता तो उतारा पुढं वाचा. मी धनवान आहे, मला काही उणं नाही, असं ती मंडळी म्हणते आणि त्यावर तिला सुनावलंय. म्हणजे तिथला रोग पोट भरल्याचा आहे. धागाकर्त्याला तर झोप लागेना, तो हा धागा काढून बसलाय. त्याच्या मित्रानं उतारा चुकीच्या माणसाला वाचून दाखवला असं माझं मत.

ठरवत नाही म्हणून बोलणी खायची असतील तर १ राजे १८ वाचावं. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्टा लोकांना विचारतो की दोन मतांमध्ये कुठवर लटपटणार, परमेश्वर देव असेल तर त्याच्या मागं जा, बआल (तिथला दुसरा देव) असेल तर त्याच्या. लोकांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. मला ती गप्प बसलेली गर्दी नेहमी आपल्या मंडळीच्या सभेसारखी वाटते.

कडकभाकरी
मास्तर, सभेत गप्प?? कुठल्या मंडळीत जाता ओ तुम्ही? आमच्याकडं पंचांच्या निवडणुकीत एकसुद्धा माणूस कोमट नसतो. वर्षभर न दिसणारे पण त्या दिवशी रिक्षा भरून येतात.

पूर्वभाग
मास्तरांचं ज्ञान मोठं आहे पण माफ करा, एवढं समजावून सांगितलं की माणूस आणखी आरामात बसतो. मी अशोक चौकाकडला, घरात तेलुगू, आईवडील विडी आणि यंत्रमागावर जगलेले. आमच्या घरातून मी एकटाच प्रभूत आलो. पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला त्याच्या आदल्या रात्री काकानं स्पष्ट सांगितलं की उद्या गेलास तर बहिणीच्या लग्नात तुला पाट नाही. आणि खरंच नव्हता. हॉलच्या बाहेर रस्त्याच्या पलीकडं उभा राहून वरात बघितली, आईनं मागच्या दारानं पिशवीतनं बुंदी आणून दिली.

त्यामुळं कुणी "ठरत नाही" म्हणालं की मला राग येतो, खोटं कशाला बोलू. तुम्हाला जे पाळण्यातच मिळालं त्याची किंमत आम्ही मोजून दिली. प्रभू स्पष्ट म्हणतो, नांगराला हात घालून मागं बघणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही, लूक ९:६२. दोन धन्यांची चाकरी होत नाही. भाऊ, तुमचा मित्र बरोबर आहे.

शुभांगी_डी
पूर्वभाग दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तुमची किंमत ही सगळ्यांना लावायची मोजपट्टी होऊ शकत नाही ना. माझं उलटं आहे. माहेर ख्रिस्ती, सासर लिंगायत, बाळीवेशीकडं. लग्न रजिस्टर झालं, मी धर्म बदलला नाही, त्यांनी पण नाही. रविवारी सकाळी मी मुलीला घेऊन उपासनेला, संक्रांतीला सासूबाईंबरोबर गड्ड्यातल्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायला रस्त्यावर. हुग्गी (गव्हाची खीर) मी त्यांच्यापेक्षा चांगली करते हे त्या स्वतः चारचौघात सांगतात. माहेरच्या मंडळीत मला कोमट म्हणणारे लई आहेत.

त्यांना मी अरामी सेनापती नामानाची गोष्ट सांगते. २ राजे ५. कोड बरं झाल्यावर तो म्हणतो आता मी दुसऱ्या देवाला होम करणार नाही, वर दोन खेचरांवर मावेल एवढी माती मागून घेतो. आणि लगेच विचारतो, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मला पण वाकावं लागतं, ह्याची क्षमा होईल ना? त्याला बरं करणारा अलीशा संदेष्टा काय म्हणाला? शांतीने जा. एवढंच. ना झापलं, ना नोकरी सोड म्हटलं.

पूर्वभाग
ताई, नामानाला वाकावं लागत होतं आणि ते त्याला बोचत होतं म्हणून तर त्यानं विचारलं. हुग्गी चांगली होते म्हणून मिरवत नव्हता.

शुभांगी_डी
हुग्गीवर जाऊ नका दादा, कधी खाल्ली तर बोलणार नाही असं परत 😀
बोचत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? आरतीला सगळे उभे असतात तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी का आवरत असते हे सासूबाईंना माहीत आहे. त्या मला बोलवत नाहीत, मी त्यांना अडवत नाही. हे ठरलेलं आहे आमच्यात, न बोलता. हे पण ठरवणंच आहे की.

मिलिंद_जुळे_सोलापूर
प्रसादाचं काय करता? आमच्या हापिसात सत्यनारायण असतो दरवर्षी.

कडकभाकरी
शिरा कसाय त्याच्यावर आहे.

निवृत्त_मास्तर
१ करिंथ ८ आणि १० दोन्ही वाचा. बाजारातलं मांस विचारपूस न करता खा म्हणतो पौल, पण कुणी मुद्दाम हे अर्पण केलेलं आहे असं सांगितलं तर त्याच्या मनासाठी खाऊ नका. आणि त्याच दहाव्या अध्यायात प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचेही भागीदार होता येत नाही हेही आहे. दोन्ही बाजूंना आपापली ओळ सापडते, म्हणून हे भांडण दोन हजार वर्षं चाललंय.

मिलिंद_जुळे_सोलापूर
म्हणजे खाऊ का नको?

संपादक_३
प्रसाद, शिरा आणि नाताळच्या करंज्या ह्यासाठी वेगळा धागा काढा. इथं मूळ प्रश्नावर बोला.

टॉवेलवाला
मी ख्रिस्ती नाही, वाचत होतो म्हणून लिहितो, चालत नसेल तर उडवा. आमचं घर वारकरी, मूळ गाव पंढरपूर तालुक्यात. आमच्यात पण हाच घोळ असतो. माळ घातली की मटण बंद, एकादशी आली, वारी चुकवायची नाही. आमचे आजोबा भजनात सगळ्यात पुढं, अभंग तोंडपाठ, मृदंग हाताला लागला की सोडायचे नाहीत, पण माळ घालत नव्हते. का तर मटण. आजी म्हणायची, अहो विठोबा वाट बघतोय, तर म्हणायचे त्याला कुठं गाडी गाठायचीय. शेवटी म्हातारपणी दात गेल्यावर घातली तर आजी म्हणाली, आता देवाला काय दिलंत, ते तर चावतच नव्हतं तुम्हाला.

मला धागाकर्त्याला एवढंच विचारायचंय की तुमचं मटण काय आहे? काहीतरी असणार ज्याच्यामुळं अडलंय.

रात्रपाळी
टॉवेलवाले भाऊ, हा प्रश्न रविवारच्या कुठल्याच संदेशात इतका सरळ ऐकला नव्हता 🙏

पानोपानी
टॉवेलवाल्यांनी वारकऱ्यांचं काढलं म्हणून. कवी ना. वा. टिळक म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, मुंबईत. त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, १९०० चा. मधली पाच वर्षं त्यांच्यासाठी फार कठीण गेली, नवऱ्यानं धर्म बदलला, संसार मोडला, परत एकत्र आले तरी बाईंनी सोवळं लगेच सोडलं नाही. बाईंचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे मराठी घराघरात वाचलं जातं ते उगीच नाही, एक माणूस आतून बदलताना किती वेळ लागतो ते त्यात हसत हसत सांगितलंय. नवऱ्याच्या मागून मुकाट्यानं उडी मारली असती तर तिला कुणी पूर्ण मनाची म्हटलं असतं का? मला तर तिचं मागून येणं जास्त भक्कम वाटतं.

आणि आपण पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागतं ना, तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण त्यांनी स्वतःच पुढं लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षं गेली. एवढी विदुषी बाई हे उघड लिहिते, आणि आपण दृढीकरणाला मित्रांमागून बसलो म्हणून लाजतो.

पूर्वभाग
पानोपानी, मान्य. पण रमाबाई त्या मधल्या वर्षांत स्वस्थ बसल्या नव्हत्या, शोधत होत्या. लक्ष्मीबाई पण झगडत होत्या. आपला माणूस "पुढच्या वर्षी बघू" म्हणतोय. त्याचा दाखला प्रेषितांची कृत्ये २४ मध्ये आहे, फेलिक्स हा रोमन सुभेदार. त्याच्या कैदेत असलेल्या पौलाचं ऐकून घाबरला आणि म्हणाला आता जा, सवड झाली की बोलावीन. गंमत म्हणजे त्यानं खरंच बोलावलं, पुन्हा पुन्हा बोलावलं, गप्पा मारल्या, पैसे मिळतील ही आशा पण होती, आणि दोन वर्षांनी बदली झाली तेव्हा पौल अजून कैदेतच. इतकं ऐकून घेऊन हलला नाही तो. मला भीती वाटते ती ह्याची. बायबल ऐकायची सवय लागणं ही लई वाईट गोष्ट आहे.

शुभांगी_डी
हे मात्र पटलं दादा. जपून ठेवते.

वापसा
मोहोळजवळ शेती आहे, नांगराचा विषय निघाला म्हणून बोलतो. आता ट्रॅक्टर आहे पण मी बारका असताना बैलांचा नांगर धरलाय. रुमणं एका हातात दाबून धरायचं, फाळ जमिनीत बसला पाहिजे, बैल पुढं ओढतात. पहिलं तास घालताना वडील सांगायचे समोरच्या बांधावरची ती बाभळ बघ आणि चाल. बैलांकडं बघू नको, फाळाकडं बघू नको. मी एकदा तरी मान वळवायचोच, किती झालं म्हणून, आणि तेवढ्यात तास वाकडं. आणि पहिलं वाकडं गेलं की पुढची सगळी त्याच्या अंगानंच जातात. त्यामुळं लूक ९:६२ मला धमकी वाटतच नाही, शेतातली साधी गोष्ट वाटते.

पण पूर्वभाग, दुसरी बाजू पण ऐका. काळ्या रानात पाऊस पडला की लगेच नांगर घालत नाहीत. ढेकळं उठतात, बैल रुततात. वापसा (नांगरायला बेताची ओल) यायला थांबावं लागतं. म्हातारी माणसं मूठभर माती दाबून सांगायची, आज नाही, परवा. ते थांबणं म्हणजे चालढकल नव्हे. प्रभूनं पण बुरूज बांधायच्या आधी बसून खर्च मोजायला सांगितलंय, लूक १४. पण वापसा चार दिवस राहतो राहतो आणि निघून जातो, मग तीच माती दगड होते आणि फाळ वरच्यावर घसरतो. सातरस्ता, तुमचं रान कोणत्या दिवसावर आहे ते तुम्हालाच दाबून बघावं लागेल, इथं बसून आम्हाला कळणार नाही.

कडकभाकरी
हा माणूस पंच पाहिजे बे.

वापसा
नको रे बाबा. गावची सोसायटी बस झाली.

रात्रपाळी
मी नर्स आहे, नाव हापिस सांगत नाही. धाग्यात सगळे एक गोष्ट एकत्र करतायत असं वाटतंय म्हणून लिहिते, ड्यूटीवरून आलेय, चुकाभुका समजून घ्या. शंका असणं आणि ठरवलेलं नसणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्क ९ मधला तो बाप, मुलाला फेफरं येतं, तो ओरडून म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एकाच श्वासात दोन्ही. आणि तरी तो मुलाला घेऊन आलेला आहे, दारात उभा आहे. त्याचं पोर बरं झालं.

मदर तेरेसांची पत्रं त्या गेल्यावर दहा वर्षांनी, २००७ ला छापली गेली, तेव्हा जगाला कळलं की बाईंना कित्येक वर्षं आत अंधार वाटत होता, देव आहे असं जाणवतच नव्हतं. आणि त्या काळात रोज पहाटे उठून त्या काम करत होत्या. त्यांना कोमट म्हणायची कुणाची हिंमत आहे का?

आमच्या वॉर्डात रात्री तीन वाजता कुणाचं जवळचं माणूस गेलं की मला पण काहीच वाटत नाही, प्रार्थना येत नाही. पण त्यांच्या म्हातारीला खुर्ची देते, पाणी देते, बेडभोवतीचा पडदा ओढते. भावना येईल तेव्हा येईल. याकोबाच्या पत्रात द्विबुद्धीचा माणूस म्हणतात तो समुद्राच्या लाटेसारखा, वारा येईल तिकडं. मला जाणवत नसलं तरी मी कुठं उभी राहायचं ते पक्कं आहे, एवढं मला पुरतं.

मिलिंद_जुळे_सोलापूर
ताई 🙏 बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

पूर्वभाग
रात्रपाळी ताईंशी माझं भांडण नाही. त्या उभ्या आहेत.

सातरस्ता
दोन दिवस दुकानात स्टॉक घेणं चालू होतं म्हणून येता आलं नाही, आत्ता सगळं वाचलं. टॉवेलवाले भाऊंनी विचारलं मटण काय. विचार केला. माझं मटण म्हणजे लोक. दुकानात व्यापारी, मित्र, सगळे मला "आपला माणूस" म्हणतात, कारण मी कशावरच ठाम बोलत नाही. बिनबिलाचा माल घ्यायचा विषय निघाला की मी हसून वेळ मारून नेतो, घेत नाही असं पण म्हणत नाही. कधी घेतो पण. मंडळीत गेलो की तिथं पण सगळ्यांना आपला वाटतो. दोन्हीकडं चांगला. हे सोडावं लागेल ह्याची भीती आहे, विश्वासाची अडचण कमीच आहे बहुतेक.

पण पंचाचं अजून कळेना. घेतलं तर निदान बांधला जाईन असं एक मन म्हणतं.

निवृत्त_मास्तर
पद घेऊन मन पक्कं होत नसतं, सातरस्ता. आयुष्यभर मंडळीचा हिशेब बघितलाय म्हणून सांगतो. पंच झालास की दानार्पणाची वही, जागेचा वाद, कंपाउंडची भिंत, कुणाचं कुणाशी पटत नाही ह्यातच बुडशील, आणि प्रश्न जिथला तिथं. वर लोक तुला धार्मिक समजायला लागतील, म्हणजे तुझं मटण आणखी चमचमीत होईल.

मत्तय २१ मध्ये दोन मुलगे आहेत. बाप म्हणतो द्राक्षमळ्यात जा. एक म्हणतो जात नाही, आणि मागून पस्तावून जातो. दुसरा म्हणतो जातो महाराज, आणि जात नाही. पद म्हणजे "जातो महाराज" म्हणणं. तू आधी मळ्यात जा की.

पूर्वभाग
मास्तर, तुम्ही त्याला परत पळवाट दिलीत. मी म्हणतो पद घ्यावं, आणि बिनबिलाचा माल त्याच दिवशी बंद. चारचौघात शब्द दिला की मागं फिरता येत नाही. मला तर लोकांसमोर पाण्यात उतरल्यामुळंच टिकता आलं, नाहीतर पहिल्या दिवाळीला घरी परतलो असतो.

पानोपानी
ह्यावर मी पहिल्यांदाच पूर्वभागशी सहमत. आतलं पक्कं झाल्यावरच बाहेर बोलायचं म्हटलं तर आपल्यातले निम्मे लोक कधीच बोलणार नाहीत.

शुभांगी_डी
मला नाही पटत. चारचौघात शब्द दिलेले लई बघितलेत. तुम्ही टिकलात कारण तुम्ही तुम्ही आहात.

कडकभाकरी
सातरस्ता, बिनबिलाचं मात्र इथं लिहायला नको होतंस बे 😂

सातरस्ता
टॅक्स हापिसवाले इथं येत नसतील अशी आशा 😀

आज पाळकसाहेबांना भेटून आलो. नाव देऊ नका म्हटलं, पण ह्या वेळेला पुढच्या वर्षी वगैरे काही म्हटलं नाही. विडी घरकुलमध्ये मंडळीतली काही म्हातारी माणसं आहेत, त्यांना उपासनेला येता येत नाही, पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन जातात तेव्हा बरोबर कुणी नसतं. महिन्यातल्या पहिल्या रविवारी दुपारी मी गाडी घेऊन जाणार, बायको पण येते म्हणाली. आणि ज्या व्यापाऱ्याकडनं बिनबिलाचा माल येतो त्याला काल फोन करून सांगितलं, इथून पुढं बिलासकटच घेईन. तो म्हणाला काय झालं, जीएसटीवाले आले का? मी म्हटलं नाही, मी ख्रिस्ती आहे. तर म्हणतो ते माहीत आहे की, पण मालाचं काय?

पूर्वभाग
पंचाचं मला अजून पटलं नाही. पण फोन केलास ते बरं झालं. विडी घरकुलात पहिल्या रविवारी मी पण असतो, आमची प्रार्थना सभा तिथंच भरते दुपारी. म्हाताऱ्यांना जिन्यावरून उतरवायला एक माणूस जादा लागेल, सांग.

वापसा
भाव वाढवला का मग त्यानं?

सातरस्ता
वाढवला की. टॅक्स धरून बराच. दुसरा व्यापारी कुणी माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.